पोरांना घेऊन भामरागडचा उन्हाळा

(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांचा फोन आला तेव्हा त्यांनी सांगितलं, ‘तू आयटीत आहेस, मुलांच्या करिअरवर दहा मिनिटं बोल.’ मी म्हटलं, त्यावर बोलणारे तुला पन्नास मिळतील. मी गेल्या उन्हाळ्यात माझ्या दोन पोरांना घेऊन नऊ दिवस भामरागडला राहून आले, त्यावर बोलते. पलीकडे जरा शांतता. मग म्हणाला, ‘एप्रिलात? कायले?’

हाच प्रश्न माझ्या सासूबाईंनी विचारला होता, ऑफिसात विचारला गेला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता नदीच्या वाळूत उभी असताना मी स्वतःलाही विचारला. तिथवर येतेच.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल, माझे बाबा वनखात्यात होते आणि त्यांची बदली भामरागडला होती. मी शाळेसाठी इथे आलापल्लीत मावशीकडे राहायचे. वार्षिक परीक्षेचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशीच्या एसटीत मावशी मला बसवून द्यायची. पेरमिली, ताडगाव, हेमलकसा, मग भामरागड. साठ-पासष्ट किलोमीटर, पण तेव्हा ते परदेशाइतकं लांब वाटायचं. पुढचे दीड महिने काय करायचं हे कोणी ठरवलेलं नसे.

माझी मुलगी नऊ वर्षांची आहे, मुलगा पाच. पुण्यात त्यांची उन्हाळी सुट्टी म्हणजे शिबिरं. एक पोहण्याचं, एक चित्रकलेचं, आणि एक ‘निसर्ग शिबिर’, जे आमच्याच सोसायटीच्या बागेत होतं. प्रत्येकाचा एक टी-शर्ट मिळतो. एकदा मुलीनं विचारलं, ‘आई, तू लहानपणी कुठल्या कॅम्पला जायचीस?’ मी सांगायला लागले आणि सांगता सांगता लक्षात आलं की तिला यातलं काही दिसतच नाहीये. डोह म्हणजे काय, डोंगा म्हणजे काय, टेंभरं म्हणजे काय. तेव्हा ठरवलं.

मग मी तेच केलं जे मला येतं. एक्सेल उघडलं. नऊ दिवस, प्रत्येक दिवसाचे चार भाग, प्रत्येक भागाला रंग. आलापल्लीचं वनवैभव, कमलापूरचा हत्ती कॅम्प, सिरोंच्याकडे वडधमचं जीवाश्म उद्यान, सोमनूरला इंद्रावती आणि गोदावरीचा संगम, हेमलकसा, भामरागडचा त्रिवेणी संगम, आणि परतताना जमलं तर ताडोबा. प्रथमोपचाराचं वेगळं पान, कपड्यांचं वेगळं. हे सगळं मी आपल्या वर्गातल्या एका मैत्रिणीला पाठवलं. ती भामरागडला आरोग्य सेविका आहे. तुम्ही सगळे तिला ओळखता, पण भाषणात नाव घेतलंस तर स्टेजवर येऊन माईक काढून घेईन अशी धमकी मिळालेली आहे. तिनं ते पाहिलं आणि फोनवर एवढंच म्हणाली, ‘हे तू पोरांसाठी आखलं, का जीपसाठी?’

मला राग आला. खोटं कशाला बोलू. तरी मी सोमनूर, वडधम आणि ताडोबा काढून टाकलं आणि मनात म्हटलं, बघा किती समजूतदार आहे मी.

नागपूरहून भामरागड साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. आम्ही ते एका दिवसात केलं नाही, रात्री आलापल्लीला थांबलो. माझ्या सगळ्या आखणीतला हा एक निर्णय पहिल्या फटक्यात बरोबर निघाला. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता वनवैभवात गेलो. राज्यातलं पहिलं जैवविविधता वारसा स्थळ म्हणून २०१४ साली ते जाहीर झालं. जेमतेम सहा हेक्टरचा तुकडा, पण आत उभं राहून वर बघितलं की सागाचा शेंडा दिसत नाही. मुलाला साग बघण्यात काही रस नव्हता. त्यानं एक मोठं वाळकं सागाचं पान उचललं, डोक्यावर धरलं आणि पाऊण तास तो त्याच पानाशी खेळत होता. माझ्या तक्त्यात तिथे ‘पक्षीनिरीक्षण’ लिहिलेलं होतं.

आता तो भामरागडचा दुसरा दिवस. संगमावर जायचं होतं. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती तिथे मिळतात. पावसाळ्यात याच पर्लकोटेच्या पुरानं भामरागडचा रस्ता तुटायचा. एप्रिलात मात्र पात्रात लांबच लांब वाळू आणि मध्ये पाणी. पोरं उशिरा उठली, निघायलाच साडेसात झाले. मैत्रीण सोबत होती. तिनं निघतानाच सांगितलं, साडेनऊला परत. मी हो म्हटलं. पण साडेनऊ वाजले तेव्हा मी अजून त्यांना तिन्ही नद्या नीट दाखवल्या नव्हत्या, आणि आम्ही लहानपणी जिथे डुंबायचो तो डोह राहिला होता. नवऱ्याचे फोटो राहिले होते. ‘अर्धा तास फक्त,’ असं करत अकरा वाजले.

मुलगा आधी कुरकुरत होता. उचलून घे, पाय भाजतात, घरी चल. मग तो गप्प झाला आणि पाण्याकडे बघत वाळूत बसून राहिला. मी नवऱ्याला म्हटलं, ‘बघ, रमला एकदाचा.’

मैत्रीण लांबून आली, त्याच्या गालाला हात लावला आणि मला विचारलं, ‘हा मुतला कधी शेवटचा?’

मला माहीत नव्हतं. माझ्या तक्त्यात त्याचं वजन होतं, रक्तगट होता, पॅरासिटामॉलचा डोस होता. सकाळपासून त्यानं किती पाणी प्यायलं आणि लघवी केली की नाही, हे मला सांगता येत नव्हतं. गाल तापलेला आणि कोरडा होता.

तिनं मला काही बोलायला वेळ दिला नाही. काठावरच्या झाडाखाली नेलं, अंगातला शर्ट काढला, स्वतःचा दुपट्टा नदीत बुडवून त्याच्या अंगावर टाकला आणि नवऱ्याला वारा घालायला बसवलं. तिच्या पिशवीत ओआरएस होतं. एका लिटरला एक पुडी, चमच्या-चमच्यानं. एकदम ग्लास तोंडाला लावला तर उलटून पडतं, हे मला तेव्हा कळलं, कारण मी तेच करायला गेले होते. एकदा उलटी झालीच. मग जीपनं तिच्या घरी. तिनं सांगून ठेवलं की अर्ध्या तासात तरतरी आली नाही तर सरळ दवाखाना. ती आली. दुपारी दीड वाजता तो उठून बाहेर गेला आणि गडद पिवळी का होईना, लघवी केली. मी आजवर कितीतरी रिलीज वेळेवर दिले आहेत, पण इतका आनंद मला कुठल्याच कामगिरीचा झालेला नाही.

हे इथे सांगायला मला लाज वाटते. पण तुमच्यातल्या अनेकांची मुलं, आणि काहींची नातवंडंसुद्धा, या वयाची आहेत. बारकं पोरगं उन्हात कुरकुरत असेल तर बरं असतं, त्याच्यात रडायची ताकद आहे. गप्प झालं की तुम्ही जागे व्हा.

त्या संध्याकाळी मी तक्ता मिटवून टाकला. मैत्रिणीनं तिच्या पद्धतीनं दिवस बसवून दिला, आणि ही काही तिनं लावलेली युक्ती नाही, तिथे सगळेच असं जगतात. पहाटे पावणेपाचला उठायचं. सव्वापाचला बाहेर. नऊच्या आत घरात. दहा ते साडेचार कोणीही उंबरठा ओलांडायचा नाही. साडेचारनंतर पुन्हा नदी, अंधार पडेपर्यंत. आठला मच्छरदाणीत.

पहाटे काय करायचं? चालायचं. पाच वर्षांचा मुलगा दोन किलोमीटर आरामात चालला, फक्त त्याला दोन तास लागले, कारण वाटेत वारुळं होती, शेण होतं, गळलेली पिसं होती. मोहाचा बहर संपत आला होता, तरी काही झाडांखाली सकाळी फुलांचा सडा असे. तिथे मात्र नियम होता: झाडाखाली मोठ्या माणसाशिवाय जायचं नाही, उजाडायच्या आत तर नाहीच. अस्वलांनाही मोह आवडतो आणि ती आपल्या आधी येतात. मुलीनं हे वाक्य पुण्यातल्या सगळ्या मैत्रिणींना सांगून झालं आहे.

नदीचा नियम याहून कडक होता. पाणी मुलाच्या गुडघ्यापर्यंत, आणि मोठं माणूस पाण्यात, काठावर नाही. आपण लहानपणी डोहात उड्या मारायचो, खरंय. पण वाळूच्या नदीचा तळ दर पावसाळ्यात बदलतो आणि माझ्या आठवणीतला डोह आज कुठे आहे हे मला ठाऊक नाही. डोंग्यात बसायचं असेल तर रोज नदी ओलांडणाऱ्या माणसासोबत, आणि वारा नसताना.

आणि दुपारी? पहिले दोन दिवस पोरांनी छळलं. नेट नाही, वीज जाते, कूलर बंद, करायचं काय? मी काही सुचवणार नाही असं ठरवलं, आणि हे मला उन्हापेक्षा कठीण गेलं. तिसऱ्या दिवशी मैत्रिणीच्या सासूनं चिंचोके दगडावर घासून दिले आणि जमिनीवर खडूनं अष्टचंगाचा पट आखला. त्यानंतर साडेचार वाजले हे पोरांना सांगावं लागे. तिथे माडिया घरातली दोन मुलं खेळायला यायची. त्यांना मराठी शाळेपुरतं, माझ्या मुलांना माडिया शून्य. माझी मुलगी पहिला शब्द शिकली ‘एर’, म्हणजे पाणी. गोष्ट जरा खास आहे, पुण्यात तिच्यामागे पाण्याची बाटली घेऊन मी धावते.

शेवटच्या तीन दिवसांत तेंदूपत्त्याचा हंगाम सुरू झाला. पहाटे बायामाणसं जंगलात जाऊन पानं खुडून आणतात, दुपारी सावलीत बसून त्याची पुडकी बांधतात, आणि संध्याकाळी फळीवर नेऊन देतात. एका पुडक्यात सत्तर पानं. शेजारच्या घरी सगळे बांधायला बसले होते, मुलीनं हट्ट केला, त्यांनी बसू दिलं. तिनं मोठ्या दिमाखात एक पुडकं बांधलं. त्या घरच्या आजीनं ते सोडलं, मोजलं, सहासष्ट भरली. काही न बोलता चार पानं तिच्यापुढे ठेवली. मुलगी लाल झाली. पुन्हा मोजून, पुन्हा बांधून दिलं. तासाभरानं मैत्रिणीनं मला डोळ्यानं खुणावलं, उठा आता. बाहेर आल्यावर म्हणाली, ‘त्यांच्या वर्षाच्या कमाईचे हे पंधरा दिवस आहेत. तुझ्या पोरीला मजा वाटते म्हणून त्यांचा हात थांबवायचा नाही.’ तिचं बरोबर होतं. माझा फोन तेव्हा माझ्या हातात होता. फोटो काढायचा विचार मी सोडून दिला.

हेमलकशाला एक सकाळ गेलो. आमटे कुटुंबाचा लोकबिरादरी प्रकल्प १९७३ पासून तिथे आहे, आपल्याला त्याची नवलाई नाही, पण बाहेरून येणारे आधी न कळवता येऊन उभे राहतात हे बरं दिसत नाही. कळवून जा, सकाळी जा, आणि प्राणी अनाथालयात पोरांना आवाज कमी ठेवायला आधीच सांगा. कमलापूरचे हत्ती राहून गेले. मुलाच्या लक्षातही नाही.

आता डास. आपल्या जिल्ह्याला मलेरिया नवा नाही, आणि आपल्याकडचा फाल्सिपेरम अंगावर काढायचा प्रकार नव्हे. उन्हाळ्यात जोर कमी असतो, पावसाळ्यापासून वाढतो, पण कमी म्हणजे शून्य नाही. औषध भारलेली मच्छरदाणी, संध्याकाळी पूर्ण बाह्यांचे कपडे, झोपताना मच्छरदाणीच्या कडा गादीखाली खोचलेल्या. परत आल्यावर नवव्या दिवशी मुलीला ताप आला. पुण्यातले डॉक्टर म्हणाले, व्हायरल आहे, सध्या सगळ्यांनाच आहे. मी म्हटलं, आम्ही गडचिरोलीहून आलोय, मलेरियाची तपासणी आजच करा. ते हसले. मी हटले नाही. तपासणी निगेटिव्ह आली, ते पुन्हा हसले, मी पैसे देऊन बाहेर आले. हसू द्या. भामरागडात ही तपासणी आशाताई दारात येऊन करते. शहरात ती आपल्याला मागून घ्यावी लागते. परतल्यावर महिन्याभरात ताप आला तर कुठून आलो ते आधी सांगायचं.

सगळ्यात शेवटी तो प्रश्न, जो पुण्यात सगळे आवाज खाली आणून विचारतात: सुरक्षित आहे का? माझं उत्तर साधं आहे. मी तिथे राहणाऱ्या आपल्या माणसांना विचारलं, त्यांनी ये म्हटलं तेव्हा गेले. प्रवास दिवसा, मुख्य रस्त्यानं. आतल्या गावांत कोणाच्या सोबतीशिवाय, न सांगता गेलो नाही. तिथे मुलं जन्मतात, शाळेत जातात, नदीवर खेळतात. त्यांच्या आया जी काळजी घेतात तीच मी घेतली, आणि जिथे नाही घेतली तिथे काय झालं ते तुम्हाला सांगितलं.

येत्या एप्रिलात मी पुन्हा जाणार आहे. मैत्रीण म्हणते, एका वेळी तीन घरांपेक्षा जास्त नको, पाण्याचा आणि खाटांचा प्रश्न येतो. दहा वर्षांखालची मुलं असतील तर घरात एक तरी माणूस असं हवं ज्याला पहाटे उठायचा कंटाळा नाही. आठवडाभर आधीपासून पोरांना रात्री आठला झोपवायची सवय लावा, नाहीतर पहिले दोन दिवस फुकट जातात, आमचे गेले. दुपट्टे सुती आणा. टी-शर्ट छापणार नाही.

नावं माझ्याकडे देऊ नका, मी पुन्हा तक्ता करेन. ती तिसऱ्या रांगेत बसली आहे, हिरव्या साडीत, आणि आत्ता माझ्याकडे रागानं बघते आहे. जेवणानंतर तिलाच गाठा.