बळापलीकडचे काम
(न्यासाच्या महोत्सवी सभेतील भाषण)



आम्हां शिक्षकांस आज शिणाविषयी बोलावयाचे आहे. रात्रभर झोपले की जातो तो शीण निराळा. सुटी संपली तरी जो जात नाही, वर्गातली मुले ज्यात परकी वाटू लागतात आणि आपल्या शिकवण्याचा उपयोग तरी काय असे मनात येते, त्याविषयी आम्ही बोलत आहोत. त्यास हल्ली 'बर्नआउट' म्हणतात. हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने १९७४ साली तो शब्द या अर्थाने वापरला. २०१९ साली जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या वर्गीकरणात त्याची नोंद केली, ती रोग म्हणून नव्हे, तर कामावरील न आवरलेल्या ताणाचा परिणाम म्हणून.

चरकसंहितेच्या निदानस्थानात शोषाची चार कारणे सांगितली आहेत: साहस, वेगांचे संधारण, धातुक्षय आणि विषम आहार. शोष म्हणजे देह झिजविणारी व्याधी. आजच्या शिणास तेच नाव देणे ओढाताणीचे होईल. तथापि कारणे पाहण्याजोगी आहेत. साहस म्हटले की आपणांस शौर्य आठवते. चरकांचे साहस म्हणजे आपल्या बळापलीकडचे काम. दुर्बळाने बलवंताशी झुंजणे, जड धनुष्य ओढणे, फार ओझे वाहणे, फार दूर पोहणे. आणि याच यादीत अतिशय बोलणेही आहे! साठ मुलांच्या वर्गात रोज सहा तास घेणाऱ्याने हे वाचून ठेवावे.

दुसरे कारण तर आमच्याच नोकरीचे वर्णन वाटते. राजाजवळ, धन्याजवळ, गुरूच्या पायाशी किंवा सभेत बसलेला माणूस भयाने वा संकोचाने देहाचे वेग दाबून धरतो, असे तेथे म्हटले आहे. न अडवावयाचे वेग चरकांनी तेरा मोजले. त्यांत मलमूत्र आहे, तहान, भूक, झोप आहे, श्रमानंतरची धाप आहे आणि अश्रूही आहेत. ज्या शाळेत बाईंना दिवसभर मोरीची सोय नाही, तेथे याहून अधिक भाष्य नको.

ही विद्या एका समाजापुरती कधीच राहिली नाही. अली इब्न सहल रब्बन अत-तबरी यांच्या नवव्या शतकातील 'फिर्दौस-उल-हिक्मा' या अरबी ग्रंथात हिंदी वैद्यकाचा स्वतंत्र भाग आहे.

मग उपाय? लोक अश्वगंधेची बाटली आणतात आणि दुसऱ्या दिवशी तेच ओझे उचलतात. सुश्रुतांनी चिकित्सेचे थोडक्यात सार सांगितले ते निदानपरिवर्जन, म्हणजे कारण दूर करणे. व्यायामदेखील अर्ध्या शक्तीनेच करावा असे ते सांगतात. रक्त कमी होणे, थायरॉइड, मधुमेह, क्षय यांतही असाच थकवा येतो. म्हणून आधी डॉक्टरांकडून तपासून घ्यावे हे बरे. पण तपासणीत काही निघाले नाही, तर घरच्यांनी त्या माणसास आळशी ठरवू नये.

आता कारण दूर करावयाचे ते कोणी? एकट्या शिक्षकाच्या हाती ते नाही. आपल्या न्यासाच्या रात्रीच्या वर्गांस दिवसभर शाळा करून आलेलाच शिक्षक येतो, आणि तो 'नाही' म्हणत नाही, कारण समोर विश्वस्त बसलेले असतात. हे वर्ग आठवड्यातून सहा दिवसांऐवजी चार दिवस भरवावेत आणि दोन तासांच्या मध्ये पंधरा मिनिटे मोकळी ठेवावीत, अशी आमची विश्वस्त मंडळास विनंती आहे. मुलांचे पाठ कसे बसवावयाचे, त्याचा तक्ता आम्ही तयार करून आणला आहे.