एक्स्पोसितो : एका आडनावाची हकिगत



आम्ही कामगार चळवळीतली माणसे. नावे हजेरीपटावर वाचावीत, एवढाच आमचा नावांशी संबंध. तरी आज एका स्पॅनिश आडनावाची हकिगत आपल्यापुढे ठेवीत आहोत. कारण तिच्यात गरिबाच्या अब्रूचा प्रश्न आहे.

ते आडनाव एक्स्पोसितो. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘बाहेर ठेवलेला’. दारिद्र्याने किंवा लोकलाजेने गांजलेली आई तान्हे मूल अनाथालयाच्या दारी ठेवी. पुष्कळ ठिकाणी भिंतीत फिरते लाकडी कपाट असे. बाहेरून मूल ठेवायचे, आतून कपाट फिरवून ते उचलायचे. आईचे तोंड कोणी पाहत नसे. सोय दयेची खरी. पण वहीत अनेक मुलांचे आडनावच एक्स्पोसितो असे लिहिले जाई. मूल टाकणारे निनावी राहिले आणि टाकल्याचा शिक्का मुलाच्या कपाळी बसला! आडनाव वारशाने जाते. म्हणून तो शिक्का नातवंडा-पतवंडांपर्यंत पोचला.

१७९४ मध्ये चौथा कार्लोस या राजाने हुकूम काढला की, अशी मुले कायद्याने औरस समजावीत आणि त्यांना अनौरस म्हणून हिणवणाऱ्यास शिक्षा व्हावी. शिवी गुन्हा ठरली. आडनाव मात्र वहीत तसेच राहिले. ते बदलून घेण्याची सवलत १९२१ मध्ये मिळाली. तरी आजही स्पेनमध्ये हजारो लोक ते लावतात. अर्जेंटिनातील टँगो-गीतकार होमेरो एक्स्पोसितो (१९१८–१९८७) याने तर त्या नावाला कीर्ती मिळवून दिली.

असले नाव टाकावे की राखावे, हे ज्याचे त्याने ठरवावे. आमचा सवाल नाव देणाऱ्यांना आहे. पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. तेथे आश्रयास आलेल्या एका विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला. त्याचे नाव झाले यशवंत जोतीराव फुले. पुढे तो डॉक्टर झाला आणि १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाईंसह रोग्यांच्या सेवेस उभा राहिला.

निराधाराला आसरा देणे हे मोठेच काम. पण त्याच्यावर खूण न उमटवता त्याला आपल्यातला म्हणणे, ही त्यापुढची पायरी होय. फुले दांपत्य ती चढले. आपणा सर्वांना ती चढावयाची आहे.