स्थळप्रत

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यानाचे शब्दांकन)



पत्रिकेत माझा विषय 'सेवाकार्यासाठी निधी : कायदा आणि सुरक्षितता' असा छापलाय. मी आयुष्यभर संस्थांची हिशेबतपासणी केली, त्यामुळे संयोजकांना वाटलं की हा माणूस कलमं सांगेल. सांगतो. पण मला खरं बोलायचंय ते पावतीबद्दल. पावती देणगीदारासाठी फाडतात असा आपला समज आहे. माझं म्हणणं उलटं आहे. देणाऱ्याचे फार तर पैसे बुडतील. गोळा करणाऱ्याचं नाव बुडतं. म्हणून पावती घेणाऱ्यासाठी असते, आणि तिचा जीव आपल्याकडे उरणाऱ्या स्थळप्रतीत असतो.

वर्गणी म्हणजे काय, हे या गावाला सांगायला नको. पैसा फंडातून उभा राहिलेला तळेगावचा काचकारखाना, अण्णासाहेब कर्व्यांचा मुरूड फंड, कर्मवीरांसाठी घरोघर काढून ठेवलेलं मूठभर धान्य, हे सगळं तुम्हाला पाठ आहे. पुढे जातो.

आधी परवानगी. संस्था नोंदलेली नसेल आणि लोकांकडून धार्मिक किंवा धर्मादाय कामासाठी पैसे गोळा करायचे असतील, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 मधलं कलम 41 क बघा. धर्मादाय कार्यालयाकडून परवानगी घ्यायची आणि काम झालं की हिशेब द्यायचा. मागच्या रांगेतल्या मंडळाच्या कार्यकर्त्यांनी मघापासून हाताची घडी घातलीय. अहो, मी तुमच्या विरुद्ध नाही! माझ्या दारावर तुमचीच पाचशे एकची पावती चिकटवलेली आहे. आकडा तुम्ही घातलात, मी फक्त पैसे दिले. (हशा) आता हसलात, पण धाक दाखवून घेतली की ती वर्गणी राहत नाही, खंडणी होते. भारतीय न्याय संहितेत त्याला कलम 308 आहे. नाही, नाही, तुम्ही तसे नाही. मी शेजारच्या गावाबद्दल बोलतोय. (हशा)

दुसरं, करसवलत. पावती मिळाली म्हणजे सवलत मिळाली असं नसतं. आपण ज्याला 'एटी-जी' म्हणतो ती मान्यता संस्थेकडे हवी. शिवाय दोन हजारांच्या वरची देणगी रोख दिलीत, तर तिच्यावर सवलत नाही.

तिसरं, अमेरिकेतला भाचा. प्रत्येकाला एक असतोच. तो म्हणतो, "मामा, शाळेला शंभर डॉलर पाठवतो." पहिला प्रश्न, पासपोर्ट कुठला? भारतीय असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवत असेल, तर ते परदेशी योगदान धरत नाहीत. पण तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल, तर हातात ओसीआय कार्ड असलं तरी कायद्याच्या लेखी तो परकाच. मग संस्थेला परदेशी योगदान कायद्याखाली नोंदणी हवी, आणि 2020 च्या दुरुस्तीपासून पैसे आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यायला हवेत. भाच्याला दुखवू नका, पासपोर्ट मात्र विचारा.

आता माझी गोष्ट. दोन मिनिटांत सांगतो.

1984 साली मी कारकून होतो. कचेरीतल्या एका मित्राच्या हृदयाची झडप निकामी झाली, मुंबईला शस्त्रक्रिया करायची ठरली. बाजारपेठेत वर्गणी काढायचं काम माझ्याकडे आलं. पावसाचे दिवस. एका धान्याच्या व्यापाऱ्यांनी गल्ल्यातून पाचशे रुपये काढून दिले. त्या काळी पाचशे, बरं का! माझा पगारच जेमतेम नऊशे होता. मी सदतीस नंबरची पावती फाडून दिली. घरी येऊन बघतो, तर खालची प्रत कोरी. घाईत कार्बन उलटा घातला गेला होता. सगळी अक्षरं व्यापाऱ्यांच्या पावतीच्या पाठीवर उमटली असणार. दिवसभरात शंभर दुकानं झालेली, पाचशे कोणी दिले ते आठवेना. रक्कम जास्त भरत होती. मी ती 'एक हितचिंतक' म्हणून मांडली आणि झोपलो. (आज सेवाभावी संस्थेने असे हितचिंतक फार जमवले, तर मर्यादेपलीकडच्या निनावी देणगीवर तीस टक्के कर बसतो.)

चार वर्षांनी एका लग्नाच्या पंगतीत ते व्यापारी भर आवाजात म्हणाले, "काय साहेब, तुमच्या यादीत आमचं नाव नव्हतं. आमचे पाचशे कुठे गेले?" मी कार्बनचं सांगायला लागलो. शंभर माणसं जेवता जेवता थांबली. मग मी आयुष्यातली सर्वांत मोठी चूक केली. खिशातून पाचशे काढून त्यांच्यापुढे ठेवले. झालं! खाल्ले नसते तर परत कशाला दिले असते? पैसे मित्राच्या औषधालाच गेले होते, मित्रहो, एक पैसाही...

चिठ्ठी आली. पाचच मिनिटं. सुरक्षिततेचा अख्खा भाग राहिला! एका दमात सांगतो. वर्गणीला एकटं जाऊ नका, दोघांनी जा. लहान मुलांच्या हाती डबा देऊन चौकात उभं करू नका. रोकड रात्री कोणाच्या घरी ठेवू नका, दुसऱ्या दिवशी बँकेत भरा. पेटी सीलबंद ठेवा आणि दोघांसमक्ष उघडा. क्यूआर कोडवर कोणी दुसराच चिकटवला नाही ना, ते रोज तपासा. आणि पैसे घ्यायला पिन लागत नाही. कोणी 'देणगी पाठवतो, पिन टाका' म्हणालं, तर फोन ठेवा. सोडतीची तिकिटं... तो वेगळा कायदा आहे, पुढच्या वर्षी बोलवा. (हशा)

काय म्हणता, ताई? मित्राचं काय झालं? हो... ते राहिलंच. बरा झाला तो. पुढे बारा वर्षं जगला. त्या दिवशी पंगतीत माझ्या शेजारीच बसला होता. तोही ऐकत होता. त्याच्याकडे बघायचं मला सुचलंच नाही.

थांबतो.