पाणी प्यालेले इंजिन
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला बोलायला उभे केले, तेव्हा मी त्यांना म्हटले, मी सातवी शिकलेली बाई, मला भाषण कुठले येणार? त्या म्हणाल्या, "तुम्हाला जे पक्के ठाऊक आहे ते सांगा." लोणच्याबद्दल मागल्या वर्षी बोलून झाले. मग राहिले काय, तर आमच्या मोटारीचे इंजिन. हसू नका. त्याच्यापायी माझी एक पाटली गेली आहे, तेव्हा बोलायचा हक्क मी विकत घेतला आहे असे समजा.

२०१८ सालचा जुलै तुम्हा सगळ्यांच्या लक्षात असेल. चार दिवस पाऊस खळला नाही, वीज गेली, मिठागरातली माणसे अडकून पडली. १० तारखेला तर वडोदरा एक्सप्रेस नालासोपाऱ्याजवळ उभी राहिली आणि प्रवाशांना होड्यांतून उतरवावे लागले. आपल्या माणिकपुरातही तळमजल्यावरच्या बायका ओट्यावर धान्याचे डबे ठेवून बसल्या होत्या.

त्याच्या आदल्याच दिवशी सासूबाईंना दवाखान्यातून घरी आणायचे होते. आमची गाडी जुनी, डिझेलची. सकाळी शाळेची मुले आणि दुपारनंतर विमानतळाची भाडी, यावर आमचे घर चालायचे. ह्यांनी गाडी हळू आणली होती. पाणी अर्ध्या चाकाच्या वर नव्हते. पण समोरून एक ट्रक जोरात गेला आणि त्याची लाट आमच्या बॉनेटवरून काचेवर आली. गाडी एकदा हिसकली आणि बंद पडली.

सासूबाई मागे कण्हत होत्या, पायाशी पाणी येऊ लागले होते. हे नुसते बसून राहिले. मीच म्हटले, "अहो, बघता काय? लावा ना पुन्हा!" त्यांनी किल्ली फिरवली. आतून 'टक' असा एकच आवाज आला, वरवंटा पाट्यावर आपटावा तसा. मी म्हटले, "अजून एकदा." पुन्हा टक. मग शेजारच्या वाडीतल्या मुलांनी ढकलून गाडी उंचावर नेली आणि सासूबाईंना खुर्चीत बसवून घरी आणले.

पाणी ओसरल्यावर पहिल्या मिस्त्रीने गाडी उघडली. हवा गाळण्याची जाळी भिजून चिंब झाली होती, आणि तेल बघण्याची काडी काढली तर तिच्यावर काळ्या तेलाऐवजी दुधाळ चहासारखे काहीतरी. म्हणजे पाणी खालपर्यंत गेले होते. त्याने वरचे इंजेक्टर काढून इंजिन फिरवले, तेव्हा भोकांतून पाण्याच्या पिचकाऱ्या उडाल्या. तेल बदलले, गाळणी बदलली, आणि गाडी चालू झाली! मी नारळ फोडला. गाडी थोडी थरथरत होती आणि आतून बारीक ठकठक येत होती, पण मिस्त्री म्हणाला, "वहिनी, चालून चालून बसेल."

माझे मन मात्र त्या ठकठकीत अडकले. शिलाई मशीनची सुई वाकडी झाली की टाके पडतात, पण आवाज बदलतो, हे मला ठाऊक आहे. मुलांना घेऊन गाडी घोडबंदरच्या चढाला लागण्याआधी दुसऱ्या कुणाला तरी दाखवा, म्हणून मी धरून बसले. ह्यांच्या ओळखीने पापडीकडचे एक वयस्कर मिस्त्री मिळाले. त्यांनी लांब पेचकसाचे टोक इंजिनला लावले, मूठ कानाला लावली, आणि म्हणाले, "दोन नंबरचा दांडा वाकला आहे. पण कानावर विसंबू नका, मापून बघू."

त्यांनी मला समजावले ते मी माझ्या भाषेत सांगते. इंजिनात चार नळकांडी असतात. प्रत्येकात एक दट्ट्या खालीवर होतो. खाली जाताना हवा ओढतो, वर येताना ती दाबतो. डिझेलच्या गाडीत हवा सोळा-सतरा पट दाबली जाते. आता औषधाची पिचकारी घ्या, टोकाला बोट लावा आणि दाबा. आत हवा असेल तर ती दबते. पाणी भरलेले असेल तर दट्ट्या केसभर हलत नाही. इंजिनाचेही तेच. आमची गाडी साधारण १,२५० घनसेंटीमीटरची, म्हणजे एका नळकांड्याच्या वाट्याला ३१० च्या आसपास. दट्ट्या अगदी वर आला की त्याच्या डोक्यावर जेमतेम २० घनसेंटीमीटर जागा उरते. मोठा चमचा १५ चा धरला तर सव्वा-दीड चमचा! तेवढ्या पाण्यापुढे दट्ट्या अडतो, पण बाकीचे इंजिन फिरत असते. मग मधला दांडा, ज्याला ते कनेक्टिंग रॉड म्हणतात, तो वाकतो. पेट्रोलच्या गाडीत दाब कमी, जागा थोडी जास्त, सुमारे दोन चमचे. तीही काही फार नव्हे.

मग त्यांनी दाब मोजायचे घड्याळ एकेका भोकाला लावले. तीन नळकांड्यांचा दाब जवळजवळ सारखा, दुसऱ्याचा कमी. तरीही ते म्हणाले, दाब गळतीनेही कमी होतो. म्हणून वरचे डोके उतरवले आणि हाताने इंजिन फिरवून प्रत्येक दट्ट्या वर आणला. दोन नंबरचा बाकीच्यांपेक्षा खालीच राहिला. नळकांड्याच्या तोंडाशी काजळीचा पट्टाही तिथे रुंद होता, कारण दट्ट्या तिथवर पोचतच नव्हता. असाच चालवला असता तर दांडा एक दिवस तुटून इंजिनाच्या भिंतीला भोक पाडून बाहेर आला असता. मग दुरुस्ती नाही, सगळे इंजिनच भंगारात.

मी विचारले, "मी पुन्हा लावायला सांगितले, म्हणून वाकला का?" मिस्त्रींनी हात पुसले. म्हणाले, "वहिनी, पहिल्या हिसक्याला वाकला की नंतर, ते दांड्यावर लिहिलेले नसते. पण पाण्यात बंद पडलेल्या गाडीला पुन्हा किल्ली लावू नये, हे खरे." हे मला एका शब्दानेही बोलले नाहीत. बोलले असते तर बरे वाटले असते.

दांडा नवा आला. त्याच्याबरोबर बेअरिंग, रिंगा, डोक्याखालची गॅस्केट, आणि बाकीचे तीन दांडे मोजून पाहिले ते निराळे. तेल घालून थोडी चालवली, ते तेल काढून पुन्हा नवे घातले. १९ दिवस गाडी उभी होती. शाळेच्या मुलांपैकी निम्मी दुसऱ्या गाडीला लागली, आणि हे रात्री दुसऱ्याची रिक्षा चालवत होते. विम्याचे कागद मी स्वतः घेऊन गेले. तिथे कळले की आमच्या विम्यात पाण्याने बिघडलेले इंजिन बसत नाही. त्यासाठी वेगळी जोड घ्यावी लागते आणि तिच्या अटी निराळ्या. ज्यांच्या घरी गाडी आहे त्यांनी उद्याच कागद काढून बघावेत. नवऱ्याला विचारू नका, स्वतः वाचा. त्यांनीही वाचलेले नसतात.

आणि पाण्यात गाडी बंद पडलीच तर किल्ली काढा, माणसे उतरवा, ढकलून उंचावर न्या, बॅटरीची तार सुटी करा आणि मिस्त्रीला आणा. सामान मागाहून. २६ जुलै २००५ ला मुंबईत गाडीतून वेळेवर न उतरल्याने माणसे गुदमरून गेली आहेत. काचा विजेवर चालतात आणि वीज पाण्यात बंद पडते, हे ध्यानात असू द्या. आपल्या गाडीची हवा ओढणारी नळी किती उंचीवर आहे, तेही मिस्त्रीकडून एकदा बोट लावून दाखवून घ्या. मी घेतले. आमची दिव्याच्या मागेच आहे, माझ्या कमरेइतकी.

तो वाकलेला दांडा मिस्त्रींनी मला दिला होता, मी आज पिशवीतून आणला आहे. वरवर बघाल तर सरळच वाटेल, म्हणून सोबत फूटपट्टी ठेवली आहे, ती कडेला लावून बघा. मागच्या रांगेपर्यंत फिरवा. साड्या जपा, त्याला अजून तेल आहे.