चित्रकथांचे कपाट कोणाच्या ताब्यात?



जुलै २००९ मध्ये ॲमेझॉन कंपनीने किंडल या वाचनयंत्रावर विकलेल्या जॉर्ज ऑर्वेलच्या दोन कादंबऱ्यांच्या काही प्रती ग्राहकांच्या यंत्रांतून परस्पर काढून घेतल्या. त्या विक्रीस ठेवणाऱ्याला प्रकाशनाचा हक्कच नव्हता, असे कारण देण्यात आले. पैसेही परत केले गेले. त्यांतील एक कादंबरी '१९८४' होती, हा योगायोग पुरेसा बोलका आहे. परंतु प्रश्न पैशांचा नव्हताच. पुस्तकविक्रेता ग्राहकाच्या घरात शिरून कपाटातले पुस्तक उचलतो आणि टेबलावर किंमत ठेवून निघून जातो, यास कोणी सरळ व्यवहार म्हणेल काय?

चित्रकथांच्या वाचकांच्या वाट्याला पुढे असाच अनुभव आला. २००७ साली स्थापन झालेले कॉमिक्सॉलॉजी हे डिजिटल चित्रकथांचे मोठे दुकान ॲमेझॉनने २०१४ मध्ये विकत घेतले आणि २०२२ मध्ये ते किंडलच्या व्यवस्थेत विलीन केले. वाचकांना सवयीची झालेली वाचनाची सोय त्यांना न विचारता बदलली गेली. फेब्रुवारी २०२५ मध्ये तर किंडलची पुस्तके संगणकावर उतरवून घेण्याची जुनी सोयही बंद झाली. तात्पर्य असे की, वाचकाने 'विकत घेतले' ते पुस्तक नव्हतेच. तो केवळ वाचण्याचा परवाना होता.

यावर उपाय आहे, आणि तो सामान्य माणसाच्या आवाक्यातला आहे. घरात पडून असलेला जुना संगणक किंवा रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक, एक हार्ड डिस्क आणि लिनक्स ही मोफत प्रणाली एवढ्या सामग्रीवर स्वतःचा सर्व्हर उभा राहतो. त्यावर 'कोमगा' हे खुल्या परवान्याचे सॉफ्टवेअर बसवता येते. चित्रकथेची पाने म्हणजे शेवटी चित्रांच्या फाइलीच. त्या झिप पद्धतीने एकत्र बांधल्या की 'सीबीझेड' फाइल तयार होते आणि ती उघडण्यास कोणत्याही कंपनीची अनुमती लागत नाही. प्रत्येक मालिकेचा एक फोल्डर करावा. कोमगा तो वाचून मुखपृष्ठांसह सूची तयार करतो. मग घरातील कोणीही मोबाईलच्या ब्राउझरमधून वाचू शकतो. प्रत्येकाचे खाते वेगळे आणि कोण कोणत्या पानापर्यंत आला याची नोंदही वेगळी.

अर्थात, मालकीबरोबर जबाबदारीही येते. एकाच डिस्कवर ठेवलेला संग्रह ती डिस्क बिघडली की संपतो. म्हणून दुसरी प्रत निराळ्या जागी ठेवावी आणि ती खरोखर उघडते की नाही हे अधूनमधून तपासावे. चित्रकथांचा फोल्डर सॉफ्टवेअरला केवळ वाचण्यापुरताच खुला करावा, म्हणजे चुकूनही मूळ फाइल पुसली जाणार नाही. घराबाहेरून वाचायचे असल्यास सर्व्हर इंटरनेटवर उघडा न टाकता वायरगार्डसारख्या सुरक्षित मार्गाने जोडावा.

येथे एक गंभीर प्रश्न उभा राहतो. कंपनीची मनमानी नको म्हणून चित्रकाराच्या श्रमाची लूट चालेल काय? जेरी सीगल आणि जो शूस्टर या दोन तरुणांनी १९३८ साली सुपरमॅनचे हक्क प्रकाशकाला अवघ्या १३० डॉलरना दिले. त्यांच्या कल्पनेवर इतरांनी अमाप संपत्ती मिळवली. पुढे १९७५ मध्ये, प्रकरणाचा गाजावाजा झाल्यावर, त्यांना निवृत्तिवेतन आणि श्रेय मिळाले. ज्याने निर्माण केले त्यालाच वंचित ठेवण्याचा हा इतिहास वाचकाने आपल्या हातांनी पुन्हा घडवू नये. म्हणून संग्रहात कुलूप न लावता विकल्या जाणाऱ्या प्रती पैसे देऊन घ्याव्यात आणि स्वामित्वहक्काची मुदत संपलेले साहित्य ठेवावे. भारतात ही मुदत सामान्यतः लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांची आहे. १९६४ ते १९९० या काळात निघालेली इंद्रजाल कॉमिक्स मराठीतही वाचली गेली. त्यांचे जीर्ण अंक कोणी स्वतःपुरते जतन करून ठेवले, तर तो जिव्हाळा समजण्याजोगा आहे. मात्र अंक आज छापला जात नाही, एवढ्यावरून त्याच्या प्रती जगभर वाटण्याचा अधिकार कोणासही प्राप्त होत नाही.

एवढा खटाटोप करण्यास कष्टकरी माणसाला सवड कोठून मिळणार, असा आक्षेप घेतला जाईल, आणि तो खोटा नाही. परंतु सायकलचे पंक्चर काढणे जसे एकाने दुसऱ्यास शिकवले, तसे हेही शिकवता येते. वस्तीतील एकाला हे काम जमले की तो एका रविवारी आणखी चौघांच्या घरी सर्व्हर लावून देऊ शकेल. पुस्तकांच्या प्रती वाटण्यास कायद्याची मर्यादा आहे. कौशल्य वाटण्यास कोणाचीही मनाई नाही. कार्यकर्त्यांनी प्रारंभ तेथूनच करावा.