बिघाडाची पूर्ण हकिगत

(शिडाच्या नौका बाळगणाऱ्यांच्या संमेलनातील स्वागताध्यक्षीय भाषण)



या मंडपात आज शर्यतींचे चषक नाहीत आणि विक्रीला मांडलेल्या नव्या नौकाही नाहीत. मधल्या टेबलावर फाटलेले इम्पेलर, गंजून चाळण झालेले एक्झॉस्टचे कोपरे, काळ्या चिकट गाळाने भरलेले डिझेल फिल्टर आणि शाफ्टवरून कापून काढलेला नायलॉनच्या जाळ्याचा गोळा, एवढंच मांडलं आहे. प्रत्येक वस्तूखाली चिठ्ठी आहे, ती कुठे आणि कशी निकामी झाली याची. या वस्तू जपून ठेवून इथवर आणणाऱ्यांचे आभार स्वागत समिती सर्वांत आधी मानते.

स्वागताध्यक्षाने यजमान गावाची थोरवी सांगावी, असा संमेलनांचा रिवाज आहे. या विषयापुरती मुंबईची थोरवी ३२ फूट लांबीची आहे. ‘सुहेली’ नावाची सागवानी नौका १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला याच शहरात, इथल्या सुतारांच्या हातून बांधली गेली. तिचा मालक रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीतला तरुण अधिकारी होता. १४ जून १९६८ रोजी तो तिच्यातून इंग्लंडच्या फालमथ बंदरातून एकटा निघाला आणि कुठेही न थांबता पृथ्वीला फेरा घालून २२ एप्रिल १९६९ रोजी तिथेच परतला. हा प्रवास एका स्पर्धेचा भाग होता आणि तिच्यात नऊ जण उतरले होते. शेवटपर्यंत पोचला तो एकटा. एकट्याने, न थांबता केलेली ती जगातली पहिली प्रदक्षिणा, आणि त्या प्रवासाला तोलून धरणारी लाकडं मुंबईत तासलेली होती.

त्या ३१२ दिवसांचं कौतुक सगळे करतात. नौका बाळगणाऱ्याला त्यातली दुरुस्तीची पानं जास्त मोलाची वाटतील. अटलांटिकमध्ये असतानाच ‘सुहेली’च्या तळाशी, कण्याजवळच्या फळ्यांच्या सांध्यातून पाणी येऊ लागलं. नॉक्स-जॉन्स्टन पाण्यात उतरला, श्वास रोखून बुडी मारायची आणि सांध्यात कापूस ठासायचा, असं पुन्हा पुन्हा करत राहिला. त्यावर त्याने कॅनव्हासची पट्टी तांब्याच्या चुकांनी ठोकली आणि वरून तांब्याचा पत्रा बसवला. मधेच शार्क घिरट्या घालू लागला, तेव्हा वर येऊन त्याचा बंदोबस्त करावा लागला. मग काम पुन्हा सुरू.

पुढे बॅटऱ्या चार्ज करणाऱ्या छोट्या इंजिनाचा मॅग्नेटो बिघडला. त्यातली फट इंचाच्या काही हजारांश भागाइतकी अचूक लावावी लागते. ती मोजायला फीलर गेज म्हणजे पोलादी पातळ पट्ट्यांचा संच लागतो आणि तो घरीच राहिला होता. नॉक्स-जॉन्स्टनने एक वही घेतली, कागद दाबून धरला आणि इंचभर जाडीत किती पानं बसतात ते मोजलं. दोनशे भरली. म्हणजे एक पान इंचाच्या पाच हजारांश जाडीचं. हवी तेवढी पानं फटीत सरकवून त्याने मॅग्नेटो लावून घेतला. ही युक्ती त्याने आपल्या प्रवासाच्या पुस्तकात सविस्तर लिहिली, म्हणून आज पन्नासहून अधिक वर्षांनी ती कोणालाही वापरता येते. गेज विसरल्याचंही त्याने लपवलं नाही. ते लपवलं असतं, तर युक्तीला अर्थच उरला नसता.

हाच धागा पुढे महाराष्ट्र आणि गोव्याच्या किनाऱ्याने उचलला. भारतीयाने एकट्याने शिडाच्या नौकेतून जगप्रदक्षिणा करावी, हा ध्यास व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांनी घेतला. गोव्यातल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांनी ‘म्हादेई’ ही नौका बांधली, आणि कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये चार बंदरांत थांबत ती प्रदक्षिणा पूर्ण केली. निघण्यापूर्वीच्या तयारीत दोंदे यांना नॉक्स-जॉन्स्टन यांचं मार्गदर्शन लाभलं. २०१२-१३ मध्ये त्याच नौकेतून अभिलाष टॉमी यांनी न थांबता फेरा पूर्ण केला. २०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी ‘तारिणी’ या नौकेतून जगाला वळसा घातला. त्यांच्या प्रवासाच्या शेवटच्या टप्प्यात, एप्रिल २०१८ मध्ये, सुकाणूची यंत्रणा बिघडली आणि ‘तारिणी’ला मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरात शिरावं लागलं. दुरुस्ती झाली, मे महिन्यात नौका गोव्याला परतली. या मोहिमांच्या सत्कारसभा पुष्कळ झाल्या. समितीच्या मते पोर्ट लुईतल्या त्या सुकाणूची हकिगतही तितक्याच मोठ्या सभेत सांगितली जावी.

हकिगती सांगितल्याने काय होतं, याचा सर्वांत मोठा पुरावा ऑगस्ट १९७९ चा आहे. इंग्लंड-आयर्लंडजवळच्या फास्टनेट शर्यतीत ३०३ नौका निघाल्या आणि त्यांना भीषण वादळाने गाठलं. पंधरा खलाशी मृत्यू पावले. २४ नौका माणसांनी सोडून दिल्या, त्यांतल्या पाच बुडाल्या आणि बाकीच्या नंतर तरंगत्या सापडल्या. काही माणसं मात्र नौका सोडून जीवरक्षक तराफ्यात उतरली होती आणि तिथे त्यांनी प्राण गमावले. ही विसंगती कळली कशी? शर्यत भरवणाऱ्यांनी वाचलेल्या नाविकांकडे लांबलचक प्रश्नावली पाठवल्या. सुकाणू तुटलं का, सुरक्षेचा पट्टा कुठून निसटला, तराफा केव्हा उघडला, असं सगळं विचारलं. खचलेल्या, शोकात असलेल्या माणसांनी ते भरून पाठवलं. नौका पायाखालून खरोखर जात नाही तोवर तराफ्यात उतरू नये, हा आज प्रत्येक प्रशिक्षणात शिकवला जाणारा नियम त्या उत्तरांतून पक्का झाला.

डोनाल्ड जॉर्डन या अमेरिकी विमान-अभियंत्याला त्याच दुर्घटनेने अस्वस्थ केलं. वादळात नौकेच्या मागून सोडायची, शंभराहून अधिक छोट्या कापडी शंकूंची माळ त्याने तयार केली. ती लाटेच्या तडाख्यात नौकेचा वेग रोखून धरते, त्यामुळे नौका आडवी फिरून उलटण्याचा धोका कमी होतो. अमेरिकी तटरक्षक दलाच्या साहाय्याने तिच्या चाचण्या झाल्या आणि १९८७ मध्ये अहवाल प्रसिद्ध झाला. आज जगभर नौकाधारक घरच्या शिलाई मशिनवर हे शंकू शिवतात.

आता वादळाकडून रोजच्या डोकेदुखीकडे, म्हणजे इंजिनाकडे.

शिडाच्या नौकेतलं छोटं डिझेल इंजिन बहुतेक वेळ झोपलेलं असतं, म्हणूनच ते दगा देतं. धक्क्याला बांधलेल्या नौकेत ते तासभर सुरळीत चालतं. मालक निश्चिंत होतो. मग बंदराच्या तोंडाशी भरतीच्या लाटेत नौका डोलू लागली, की इंजिन अडखळतं, मिसिंग होतं आणि बंद पडतं. नेमकं तेव्हाच का? अर्धवट रिकाम्या टाकीच्या आतल्या बाजूला दमट हवेतलं पाणी जमतं. डिझेलपेक्षा जड असल्याने ते तळाशी बसतं. पाणी आणि डिझेल यांच्या सीमेवर सूक्ष्म जीव वाढतात आणि त्यांचा शेवाळी गाळ साचतो. शांत पाण्यात तो तळाशी पडून राहतो, लाटेत ढवळून निघतो आणि थेट फिल्टरमध्ये जातो. म्हणजे जिथे इंजिनाची सर्वांत जास्त गरज, तिथेच ते बंद पडावं, ही व्यवस्था टाकीच्या तळाशी महिनोन्‌महिने तयार होत असते.

मुंबई-कोकणच्या दमट पावसाळ्यात हा प्रश्न आणखी वाढतो. पावसाळ्यात उभ्या राहणाऱ्या नौकेची टाकी गळ्यापर्यंत भरून ठेवावी, पाणी वेगळं करणाऱ्या फिल्टरची काचेची वाटी दर खेपेला बघावी, तळाचा नळ उघडून थोडं डिझेल पारदर्शक बरणीत काढावं, हे साधे उपाय. फिल्टर बदलला की लाइनमध्ये एअर शिरते. ती काढायची कशी, कुठला स्क्रू आधी सैल करायचा, बुडबुडे थांबून अखंड धार येईपर्यंत हातपंप किती वेळ मारायचा, हे उद्याच्या सकाळच्या सत्रात खऱ्या इंजिनावर दाखवलं जाणार आहे. हात काळे करण्याच्या तयारीने यावं.

थंड करणाऱ्या पाण्याची कथा वेगळी. खारं पाणी आत ओढणारा इम्पेलर म्हणजे तळहातावर मावणारं रबरी फुलपातं. गाळणीत प्लास्टिकची पिशवी अडकली की पंप कोरडा फिरतो, आणि कोरड्या रबराची पाती थोड्याच वेळात फाटतात. अनेक जण नवा इम्पेलर बसवून मोकळे होतात. पण जुन्याची पाती मोजायला हवीत. सहा हवी होती आणि चारच हाती लागली, तर उरलेले दोन तुकडे पाण्याच्या वाटेने पुढे जाऊन हीट एक्स्चेंजरच्या तोंडाशी बसलेले असतात. ते काढले नाहीत तर नवा इम्पेलर असूनही इंजिन तापतं, आणि मालक पुढचा आठवडा थर्मोस्टॅट, पट्टा, पंप असं एकेक बदलत बसतो. टेबलावरच्या तिसऱ्या थाळीत असे तुकडे ठेवले आहेत. ते हातात घेऊन जरूर बघा, कारण नखाएवढा रबराचा तुकडा इंजिन कसा बंद पाडतो, हे बघितल्याशिवाय पटत नाही.

एक धोका मात्र समिती आजच, याच क्षणी सांगते. उद्याची वाट बघू नये. इंजिन उचलत नसेल तर माणूस सेल्फ मारतच राहतो. इंजिन फिरतं, पंप समुद्राचं पाणी एक्झॉस्टमध्ये ढकलतो, पण इंजिन सुरूच न झाल्याने ते पाणी बाहेर फेकायला पुरेसा जोर नसतो. ते साचतं, मागे चढतं आणि सिलिंडरमध्ये शिरतं. मूळ बिघाड पाच मिनिटांत सुटणारा असतो, पण या घाईने इंजिन उघडण्याची पाळी येते. म्हणून दोन-तीन प्रयत्नांत सुरू झालं नाही, तर समुद्राच्या पाण्याचा सीकॉक म्हणजे झडप बंद करा आणि मग शोध घ्या. इंजिन सुरू होताच ती लगेच उघडा.

नौकेच्या पंख्यात, म्हणजे प्रोपेलरमध्ये, अडकणाऱ्या जाळ्यांबद्दल या मंडपात वर्सोव्याच्या तांडेलांहून मोठा जाणकार कोणी नाही. नायलॉन शाफ्टभोवती घट्ट गुंडाळलं की घर्षणाने वितळतं आणि टणक कडं बनतं. साधी सुरी त्यावर घसरते, दातेरी पातं लागतं. पाण्यात उतरण्याआधी इंजिन बंद, चावी काढून खिशात, गिअर न्यूट्रल, आणि वर एक माणूस पहाऱ्याला. आजच्या दुपारच्या सत्राचं अध्यक्षपद कोळीवाड्यातून आलेल्या ज्येष्ठ तांडेलांकडे आहे, आणि नौकाधारकांनी वह्या घेऊन पुढच्या रांगेत बसावं, अशी समितीची इच्छा आहे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत कोळीवाड्यांत होड्या शाकारल्या जातात, इंजिनं उघडली जातात, जाळी तुणली जातात. दुरुस्तीला वर्षात ठरलेला काळ असावा, हे शहाणपण तिथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. शिडाच्या नौका बाळगणाऱ्यांनी ते उचलायला उशीर केला.

आता वक्त्यांना एक आग्रहाची विनंती. दुरुस्तीची हकिगत सांगताना बहुतेक जण शेवटापासून सुरुवात करतात: ‘स्टार्टरचा सोलेनॉइड गेला होता, बदलला, चालू झालं.’ ऐकणाऱ्याला यातून काही मिळत नाही, कारण त्याच्या नौकेत सोलेनॉइड जाणार आहे हे त्याला आधी ठाऊक नसतं. त्याच्या कानावर येणार आहे फक्त एक ‘टक्’ असा आवाज. म्हणून हकिगत त्या आवाजापासून सांगा. धूर कसा होता? काळा, पांढरा की निळसर? वास कसला आला? हात कुठे भाजला? सगळ्यात आधी काय तपासलं आणि त्यात किती वेळ वाया गेला? चुकीचा संशय कशावर घेतला? एखाद्या ठिकाणी चावी फिरवल्यावर दिवे मंदावतात, मालक बॅटरीच बदलतो, आणि खरा दोष बॅटरीच्या गंजलेल्या टर्मिनलमध्ये निघतो. त्या हकिगतीत टर्मिनलइतकीच ती वाया गेलेली बॅटरीही महत्त्वाची आहे. पुढच्या माणसाचे पैसे ती वाचवणार असते.

यासाठी प्रत्येक सत्रात एक छापील तक्ता दिला जाईल. हवामान, ठिकाण, लक्षण, पहिला संशय, केलेले प्रयत्न, खरं कारण, वापरलेला सुटा भाग आणि लागलेला खर्च असे त्याचे रकाने आहेत. मालकाचं नाव लिहिणं ऐच्छिक आहे. उत्पादकाचं किंवा दुरुस्ती करणाऱ्याचं नाव लिहू नये, कारण इथे कोणावर ठपका ठेवायचा नाही. मिस्त्रींनी सांगितलेला उपाय असेल तर तो त्यांच्याच शब्दांत लिहावा. मराठी, हिंदी, इंग्रजी, मल्याळम, कुठलीही भाषा चालेल. भाषांतराची जबाबदारी स्वागत समितीने घेतली आहे.

जेवणाची व्यवस्था मागच्या अंगणात आहे. भरती-ओहोटीचं वेळापत्रक दाराशी लावलं आहे. परवा सकाळच्या भरतीला ज्यांच्या नौका निघणार आहेत, त्यांनी आज संध्याकाळपर्यंत नावं नोंदवावीत, म्हणजे निघण्याआधी प्रत्येक इंजिनाची गाळणी, तेल आणि पट्टा मिस्त्रींकडून तपासून देता येईल. उद्घाटनाच्या भाषणासाठी समिती संमेलनाध्यक्षांना विनंती करते.