बचत गटाचा हिशेब आणि ओसरीवरचा संगणक

रामनवमीच्या यात्रेला पोहरादेवीत घरोघरी पाहुणे उतरतात. आपण कपाटाला कुलूप लावतो, पण ओसरीवरचा संगणक उघडाच राहतो. गटातल्या साऱ्याजणींची आधार कार्डं, पासबुकाचे फोटो, कर्जाची यादी त्यातच असते. कोणी सिनेमाचा पेनड्राइव्ह लावतं आणि त्यातून व्हायरस शिरू शकतो. 2017 च्या जूनमध्ये फायली बंद करणाऱ्या व्हायरसनं मुंबईजवळच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम थांबवलं होतं; मग आपल्या हिशेबाचं काय घेऊन बसलात!

म्हणून आम्ही संगणकावर हिशेबाचं खातं वेगळं केलंय, पासवर्ड लावून. पोरांसाठी दुसरं. पासवर्ड भिंतीवर लिहायचा नाही (हो, लिहितात). दर बैठकीनंतर फायलींची नक्कल पेनड्राइव्हवर घेतो आणि तो लगेच काढून अध्यक्षांच्या घरी कुलुपाच्या पेटीत ठेवतो. संगणकालाच लावून ठेवला तर व्हायरस त्यालाही गिळतो. हातानं लिहायची नोंदवही मात्र सोडू नका. आधारची प्रत द्यायचीच झाली तर शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार चालतं का, ते आधी विचारा. ओटीपी कुणालाच सांगायचा नाही, बँकेचा माणूस म्हणवणाऱ्यालासुद्धा. आणि खात्यातून पैसे गेलेच, तर लाजत बसू नका, घरच्यांना विचारत बसू नका. त्याच घटकेला 1930 ला फोन लावा.